महिनाभर पुरेल असा प्रश्न

प्रश्न : मी चौथीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी प्रत्येकाला दर महिन्याची एक थीम ठरवून वर्षभराचं नियोजन लिहून मागितलं आहे. मी पाणी, झाडं, प्राणी, वाहतूक, अवकाश, आरोग्य अशी यादी काढली. मागच्या वर्षीही अशीच यादी होती. पहिल्या आठवड्यात तक्ते लागतात, चित्रं रंगवून होतात आणि मग पुस्तकातले धडे नेहमीसारखे सुरू होतात. महिनाअखेरीला मुलांना थीम कोणती होती तेही आठवत नाही. नियोजनात नेमकं काय बदलू?

उत्तर : तुमच्या यादीतला एकही विषय टाकाऊ नाही. पण ‘पाणी’ एवढंच फळ्यावर लिहिलं तर मुलांच्या हाताला काही काम मिळत नाही, म्हणून ती चित्र रंगवून मोकळी होतात. त्याऐवजी ‘अंगणात साचलेलं पाणी जातं कुठे?’ असं लिहा. मुलं डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारतील, तासाभराने पुन्हा मारतील, उन्हातलं आणि सावलीतलं डबकं ताडून बघतील. महिन्याचा विषय म्हणजे महिनाभर पुरेल असा प्रश्न. ज्याचं उत्तर पुस्तक उघडून पाच मिनिटांत सापडतं, तो प्रश्न महिन्याला पुरत नाही. आणि ज्याचं उत्तर या वयाच्या मुलाला बघून, मोजून, विचारून मिळणारच नाही, तोही कामाचा नाही. ‘अवकाश’ इथेच अडतं. त्याऐवजी चंद्र घ्या.

आता वर्षाचा कागद समोर घ्या. थीम लिहिण्याआधी परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह आणि त्यांच्या तयारीचे दिवस खोडून टाका. उरलेले सलग तीन-तीन आठवडे मोजा. बारा महिने आहेत म्हणून बारा थीम, हा हिशेब मला मान्य नाही. सहा-सात नीट झाल्या तरी वर्ष भरगच्च होतं. परीक्षेच्या महिन्यापुढे थीमचा रकाना रिकामा सोडा आणि मुख्याध्यापकांना तो का सोडला ते सांगा. असा रकाना असलेलं नियोजन मला जास्त विश्वासाचं वाटतं, कारण ते करणाऱ्याने शाळेचे दिवस खरोखर मोजलेले असतात.

त्यानंतर क्रम. बहुतेक नियोजनांमध्ये मला हाच कच्चा दिसतो, कारण कुठलीही थीम कुठेही उचलून ठेवली तरी चालेल असं धरलेलं असतं. मी चौथीसाठी मापन, सावली, चंद्र आणि नकाशा या चार थीम याच क्रमाने ठेवीन. पट्टी आणि मोजपट्टी नीट धरता आली, नोंदीचा तक्ता आखता आला, की सावली मोजता येते. सावलीच्या महिन्यात उजेड कुठून येतो आणि दिशा कोणती हे अंगवळणी पडतं, त्यावर चंद्राच्या कला समजतात. दिशा पक्क्या झाल्या की शाळेचा नकाशा मुलं स्वतः काढतात. मागच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात कामाला येतं, त्यामुळे वेगळी उजळणी फार लागत नाही. शिकलेलं मध्ये मध्ये वापरलं नाही तर सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं.

सावलीचा महिना जरा सविस्तर सांगते, म्हणजे थीम आतून कशी दिसते ते कळेल. सपाट, उघड्या जागी एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ उभी करायची. पहिल्या दिवशी मुलांनी सावलीच्या टोकाशी दर अर्ध्या तासाला खूण करायची. दुपारी बाराला सावली सगळ्यांत आखूड असणार, असं मुलं छातीठोकपणे सांगतात. त्यांना साडेअकरा ते एक दर दहा मिनिटांनी मोजायला लावा. बहुतेक ठिकाणी सर्वांत आखूड सावली ठीक बाराला येत नाही. एखादं मूल काठी वाकडी आहे म्हणेल, दुसरं घड्याळ चुकलंय म्हणेल. दोन्ही तपासू द्या. कारण असं की घड्याळाची वेळ मोठ्या प्रदेशाला एकच असते, सूर्य मात्र एकेका गावाच्या माथ्यावरून पुढे सरकत जातो आणि एक रेखांश ओलांडायला त्याला चार मिनिटं लागतात. चौथीला एवढं सगळं सांगायची गरज नाही. ‘आपल्या शाळेची दुपार किती वाजता होते?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः मोजून काढलं, तर मोठा भाग झाला.

हा महिना कधी ठेवायचा, हेही महत्त्वाचं. 22-23 सप्टेंबर किंवा 20-21 मार्चच्या आसपास आकाश मोकळं असेल तर तेव्हाच ठेवा. त्या दिवशी दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते आणि सपाट जमिनीवर सावलीचं टोक दिवसभरात पूर्व-पश्चिम सरळ रेघेत सरकतं. इतर दिवशी ती रेघ वाकलेली असते, आणि त्या तारखेच्या आधी एका बाजूला तर नंतर दुसऱ्या बाजूला वाकते. मुलांनी जमिनीवर खडूने जोडलेले ठिपके अचानक सरळ रेघेत येतात, तेव्हा वर्गाला काही समजावून सांगावं लागत नाही.

भाषेच्या तासाला नोंदवही लिहायची. ‘आज सावली सुंदर होती’ अशी वाक्यं चालणार नाहीत. किती वाजता, किती सेंटिमीटर, ढग होते का, काठी कोणी धरली, ते हवं. गणिताला स्तंभालेख. गोष्ट म्हणून प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस यांची सांगा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका गावी सूर्य डोक्यावर असताना दुसऱ्या गावच्या सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला. त्यावरून आणि दोन गावांमधल्या अंतरावरून त्यांनी अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. काठीची सावली मोजलेल्या मुलांना ही गोष्ट आपल्या ओळखीची वाटते.

बाकी विषय? व्याकरण, पाढे, कविता यांना सावलीत ओढू नका. आठवड्यातले चार-पाच तास थीमचे, उरलेले आपापल्या विषयाचे. तिसऱ्या आठवड्यानंतर नवीन काही काढू नका. तो वेळ राहिलेल्या मुलांसाठी आणि मुलांनी आपलं काम दुसऱ्या वर्गाला समजावून सांगण्यासाठी ठेवा.

टाचणात दर महिन्यासमोर तीनच गोष्टी लिहा: प्रश्न, महिनाअखेर मुलाला काय करता यायला हवं, आणि ते आपल्याला कशावरून कळेल. ‘सावलीची माहिती होईल’ असं लिहिलं तर तपासायचं काय? ‘सावलीवरून उत्तर दिशा दाखवता येईल’ हे तपासता येतं. तक्ते आणि सजावट शेवटी सुचली तर करा.

प्रश्न : मी सातवी-आठवीला गणित शिकवतो. शाळेने ‘वेळ’ ही महिन्याची थीम दिली आहे. माझा घटक वर्ग आणि वर्गमूळ. भाषेचे आणि इतिहासाचे शिक्षक सहज काहीतरी बसवतात, मी मात्र ओढूनताणून उदाहरणं करतो. दर वेळी थीममध्ये यायलाच हवं का?

उत्तर : नाही, सर. अपूर्णांकांच्या उदाहरणात घड्याळ घातल्याने गणित थीममध्ये येत नाही, फक्त शब्द बदलतात. जिथे घटक खरोखर लागत नाही तिथे तो महिना सोडून द्या आणि नियोजनात तसं स्पष्ट लिहा.

पण या वेळी तुमचं नशीब चांगलं आहे. दोरीला दगड बांधून लंबक करा. एक मीटर लांबी असेल तर जाऊन परत यायला साधारण दोन सेकंद लागतात. दगड बदलून बघा, वेळ जवळपास तीच राहते. आता विचारा, एका सेकंदाचा लंबक हवा असेल तर दोरी किती? वर्ग ‘अर्धा मीटर’ म्हणेल. करू द्या. तो सुमारे 1.4 सेकंद घेतो. दोरी 25 सेंटिमीटरवर आणली की एक सेकंद मिळतो. वेळ निम्मी करायची तर लांबी चौथाई करावी लागते, आणि तिथेच वर्गमूळ येतं. एका हेलकाव्याची वेळ मुलं चुकीची मोजतात, म्हणून वीस हेलकावे मोजून भागायला सांगा. दोरीची लांबी दगडाच्या गाठीपर्यंत नव्हे, दगडाच्या मध्यापर्यंत धरा, आणि झोका लहान द्या.

तुमच्या शाळेत थीम वरून ठरून येते, हे मला खटकतं. पुढच्या वर्षीच्या बैठकीला सर्व विषयांच्या शिक्षकांनी आपापली घटकांची यादी घेऊन बसावं आणि थीम त्या याद्यांमधून काढावी.

प्रश्न : आमच्याकडे ‘पाणी’ पहिलीपासून पाचवीपर्यंत दर वर्षी येतं. मुलं म्हणतात, ‘हे झालंय आमचं.’ विषय बदलावा का?

उत्तर : विषय ठेवा, प्रश्न बदला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960 मध्ये हाच विचार मांडला होता की एकाच गोष्टीकडे मुलाने पुन्हा पुन्हा यावं, पण दर वेळी अधिक खोलात. पहिलीला कोणत्या वस्तू तरंगतात. तिसरीला ओला कपडा कुठे लवकर वाळतो. पाचवीला, पृथ्वीवरचं सुमारे 97 टक्के पाणी खारं आहे तर आपण पितो ते येतं कुठून. मुलांची तक्रार बहुतेकदा त्याच त्या जलचक्राच्या आकृतीबद्दल असते. पाचही शिक्षकांनी एकदा एकत्र बसून कोणी काय विचारायचं ते एका पानावर लिहा, आणि आकृती एकाच इयत्तेकडे सोपवा.

प्रश्न : जागतिक दिनांनुसार थीम ठरवल्या तर सोपं जाईल का?

उत्तर : ठरवायला सोपं जाईल, शिकवायला नाही. दिवस एक असतो, भाषणं होतात, संपतं. मात्र मुक्कामाचा टप्पा म्हणून हे दिवस फार उपयोगी आहेत. पाण्याचा महिना फेब्रुवारीच्या शेवटी सुरू करा आणि 22 मार्चला, 1993 पासून पाळल्या जाणाऱ्या जागतिक जल दिनी, मुलांना आपली मोजमापं मांडू द्या. 21 फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनाआधी तीन आठवडे घरातल्या मोठ्यांकडून शब्द आणि म्हणी गोळा करायला लावा. तारीख आधीच ठरलेली असल्याने काम लांबत नाही, आणि त्या दिवशी फलकावर लावायला मुलांचं स्वतःचं काहीतरी असतं. ज्या दिवसाआधी तीन सलग आठवडे मिळत नाहीत, तो या वर्षी परिपाठात दोन वाक्यांवर भागवा.