आमच्याकडे इथे राहायचे कायदेशीर पेपर्स नाहीत, मुलगी ११वीला आहे. तिला अमेरिकेत कॉलेज मिळेल का, की पुण्याला पाठवू?

मिळेल हो ताई, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणजे तर मिळेलच.

तुम्ही लिहिलंय की २०१६ ला आलात, मग मिस्टरांची नोकरी गेली, एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा संपला, आज जाऊ उद्या जाऊ करत राहून गेलात, मुलगी सनीव्हेलच्या शाळेत आहे, मार्क चांगले आहेत आणि तिला यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. शेवटचं जे आहे ना त्याचीच मला जास्त काळजी वाटते, त्यावर येते, आधी कॉलेजचं बोलू. मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, स्वस्तातलं सरकारी कॉलेज) फायनान्शियल एडच्या, म्हणजे फीसाठी मदत मिळते त्या खिडकीवर बसते. वकील नाही, त्यामुळे व्हिसाबद्दल जे लिहीन ते वकिलाकडून तपासून घ्या.

पहिली गोष्ट, पेपर्स नाहीत म्हणून कॉलेजात प्रवेश देऊ नका असा केंद्राचा कायदाच नाही. बारावीपर्यंतची शाळा तर १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून सगळ्या मुलांना खुली आहे, टेक्सासची केस होती ती. कॉलेजचं मात्र राज्याराज्यावर आहे. जॉर्जियात काही सरकारी युनिव्हर्सिट्यांची दारं अशा मुलांना बंद केली, टेक्सासने २००१ मध्ये सगळ्यात आधी इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी दिली आणि जून २०२५ मध्ये केंद्राने केस टाकल्यावर तीच सवलत गेली, फ्लोरिडानेही त्याच वर्षी काढून घेतली. म्हणून तुमच्या टेक्सासमधल्या मावसबहिणीने काय सांगितलं ते ऐकून घ्या आणि सोडून द्या, तिचं राज्य वेगळं.

आपल्याकडे एबी ५४० नावाचा कायदा आहे, २००१ चा. ढोबळ मानाने कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल आणि इथल्याच हायस्कूलचा डिप्लोमा, म्हणजे बारावी पासचं सर्टिफिकेट, एवढं असलं की बाहेरच्याची फी लागत नाही. कॉलेजात एक ॲफिडेव्हिट सही करून द्यायचं, त्यात लिहिलेलं असतं की लीगल व्हायची संधी आली की मी अर्ज करीन. बस. फरक किती पडतो ते बघा, कम्युनिटी कॉलेजात इथल्याला एका युनिटचे, म्हणजे एका क्रेडिटचे ४६ डॉलर, बाहेरच्याला त्याच युनिटचे तीनशेच्या वर. यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) तर बाहेरच्याला वर्षाला तीस हजारांहून जास्त वरचे मोजावे लागतात. आणि उत्पन्न कमी असेल तर ते ४६ सुद्धा माफ होतात, एबी ५४० वाल्यांनाही.

आता पैशाचा फॉर्म, इथेच सगळे गडबडतात. फाफसा भरायचा नाही. तो केंद्राच्या शिक्षण-मदतीचा फॉर्म, त्यातून तिला एक डॉलर मिळणार नाही आणि तुमची माहिती उगीच तिकडे जाईल. तिच्यासाठी कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन, तो राज्याचा, त्याच्यावर कॅल ग्रँट मिळते, ही राज्याची मदत परत फेडावी लागत नाही. २ मार्च ही फॉर्मची शेवटची तारीख डोक्यात ठेवा, कधीकधी पुढे ढकलतात पण त्या भरवशावर राहू नका. सोशलचा, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना रिकामा सोडायचा, कुणाचा तरी नंबर किंवा मनाने काहीतरी टाकायचं नाही, हे मी खिडकीवर घसा कोरडा पडेपर्यंत सांगते.

आणि एक आपल्या लोकांची खास भानगड. शाळा मुलांचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, राज्याला पाठवते आणि सोशल नसला की तो नाव आणि जन्मतारखेवरून जुळवतात. आता आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर एक, शाळेत वडिलांचं नाव पहिल्याच नावाला चिकटवलेलं, आणि फॉर्ममध्ये मुलीने वडिलांचं नाव गाळून टाकलेलं. मग जीपीए एकीकडे, फॉर्म एकीकडे, आणि पोरगी एप्रिलमध्ये विचारत येते की माझी ग्रँट का नाही आली. शाळेच्या रेकॉर्डवर स्पेलिंग कसं आहे ते आत्ताच बघून ठेवा, फॉर्ममध्ये डिट्टो तसंच.

डाका, म्हणजे लहानपणी आणलेल्या मुलांना तात्पुरतं संरक्षण आणि वर्क परमिट देणारी केंद्राची योजना, त्यात ती बसत नाही, त्याला २००७ पासून इथे असायला लागतं आणि तसंही नवीन अर्ज घेऊन ठेवतात, मंजूर करत नाहीत. एच-फोर वाल्या, म्हणजे एच-वन वाल्यांच्या मुलांशी पण तुलना करू नका, त्यांच्याकडे स्टेटस आहे, त्यांना हा कायदा लागू नाही, एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो ही त्यांची रडकथा वेगळी.

पुण्याचं बोलते. कायमचं पाठवायचं असेल तर त्यात वाईट काही नाही, ती भारतीय नागरिक आहे, पासपोर्ट चालू ठेवा, इथल्या डिप्लोम्याचं एआययूकडून (भारतातल्या विद्यापीठांची संघटना) समकक्षता प्रमाणपत्र घ्या. पण "पुण्याला पाठवू आणि एफ-वन वर (विद्यार्थी व्हिसावर) परत आणू" असा बेत असेल तर जरा थांबा. बेकायदा राहण्याचे दिवस अठरावा वाढदिवस झाला की मोजायला लागतात. त्यानंतर १८० दिवसांच्या वर राहून देश सोडला तर तीन वर्षं येता येत नाही, वर्षाच्या वर झालं तर दहा. त्याच्या आत गेली तरी मुंबईच्या अमेरिकन व्हिसाच्या खिडकीवर आईवडील कुठे असतात हे विचारणारच, काय सांगेल ती? तिकीट काढायच्या आधी वकील गाठा. आणि वकीलच, "माझी ओळख आहे" म्हणणारे काका नकोत.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग यूसी किंवा कॅल स्टेटला (राज्याची दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर. आपल्या लोकांना कम्युनिटी कॉलेज म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे, मंडळाच्या गणपतीत सांगणार काय म्हणून. ते राहू द्या. प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात या मुलांसाठी एक नेमलेला माणूस असतो, ड्रीम लिएझॉन म्हणतात, तो राज्याच्या कायद्यानेच असावा लागतो. तुमच्या जवळचं डी ॲन्झा, तिथे या मुलांसाठी वेगळं सेंटरच आहे. तिथे जाऊन बसा, नाव नाही सांगितलं तरी बोलतात.

घाबरायचं किती? फाइल कॉलेज सहसा बाहेर देत नाही, त्याला प्रायव्हसीचा कायदा आहे, पण कोर्टाची ऑर्डर आली तर द्यावी लागते आणि सध्याच्या दिवसात शंभर टक्के खात्री कुणीही देऊ शकत नाही, मीही देणार नाही. आणि डिग्रीनंतर नोकरीचा प्रश्न आहेच, वर्क परमिटशिवाय कंपनी घेणार नाही. व्यवसायाचं लायसन्स मात्र मिळू शकतं, नर्सिंगसारख्या कामांना इथे सोशलच्या जागी आयटीआयएन, म्हणजे टॅक्स भरायचा नंबर चालतो. म्हणजे शिक्षण होईल, पुढचं अवघड आहे, हे माहीत असून उतरायचं.

आता मुलीचं. झाकली मूठ ठेवून इतकी वर्षं काढलीत, कळतं मला, तिच्या भल्यासाठीच. पण इथे आता कायदाच आहे की बारावीच्या प्रत्येक मुलाकडून शाळेने फाफसा नाहीतर ड्रीम ॲक्टचा फॉर्म भरून घ्यायचा, नको असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. म्हणजे पुढच्या वर्षी वर्गात लॅपटॉप उघडून तीस पोरं एकदम भरणार, सोशल टाका म्हणणार, आणि ही घरी मेसेज करणार, आई माझा नंबर काय गं? तेव्हा कळण्यापेक्षा या उन्हाळ्यात तुम्ही आणि मिस्टर दोघांनी बसवून सांगा. चिडेल, रडेल, आठवडाभर बोलणार नाही. सांगताना हातात हा रस्ता पण द्या, नाहीतर तिला वाटेल सगळं संपलं. आणि कुठल्या मैत्रिणीला सांगायचं, कुणाला नाही, ते तिलाच ठरवू द्या.