परिस्थितीने मागे पडलेल्या तरुण पोरांसोबत काम करायचंय, हातात फक्त रविवार आहे. कुठले विषय घेऊ?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून रविवारचे दोन-तीन तास देता येतील, जवळच्या वस्तीतली चौदा ते अठरा वयाची पोरं आहेत, त्यातली बरीचशी शाळा सोडलेली, आणि प्लॅन असा की करिअर गाइडन्स, मोटिव्हेशनल लेक्चर, एक निवासी शिबीर आणि जी पोरं जास्तच वाया चाललीत त्यांना एकदा जेल आतून दाखवून आणायचं. मी या कामात बरीच वर्षं आहे म्हणून स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

विषय राहू द्या बाजूला. आधी हे सांगा की तुम्ही किती दिवस येणार आहात? बघू, जमेल तसं, असं उत्तर असेल तर सुरूच करू नका. वर्षभर नक्की येईन असं असेल तर विषय कुठला घेताय याने फारसा फरक पडत नाही, अगदी कॅरम घेतलात तरी चालेल.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स नावाची जुनी संस्था आहे, एका मुलाला एक मोठा माणूस जोडून देते आणि तो महिन्यातून तीनेक वेळा भेटतो, सोबत फिरतो, गप्पा मारतो, बस. १९९५ साली त्यांच्या कामाचा मोठा अभ्यास आला, त्यात असा माणूस मिळालेली मुलं ड्रग्ज सुरू करण्याचं प्रमाण वेटिंग लिस्टवरच्या मुलांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघालं. हा आकडा जो तो आपल्या प्रेझेंटेशनमध्ये टाकतो. पण २००२ मध्ये ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी त्याच मुलांची माहिती जोडी किती टिकली या हिशोबाने परत तपासली, तेव्हा दिसलं की जास्तीत जास्त फायदा वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये आहे, आणि जिथे मोठा माणूस तीन महिन्यांच्या आत गायब झाला तिथे मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. म्हणजे अर्धवट मदत केली तर थोडा तरी फायदा होईल हा हिशोब इथे चालत नाही.

कारण या पोरांनी माणसं निघून जाताना आधीच खूप बघितलेली असतात. घरातलं कोणीतरी गेलेलं असतं, शाळेने कधीच हात वर केलेले असतात, आणि दरवर्षी कुठला तरी ग्रुप येऊन वह्या वाटून फोटो काढून गेलेला असतो. त्यामुळे तुम्ही आलात की ती खुश होतील असं धरू नका, ती तुम्हाला तपासणार. उशिरा येतील, मागे बसून टिंगल करतील, तुमच्यासमोर शिव्या देतील, एखादा मुद्दाम तुमची वस्तू लपवेल, आणि पुढच्या रविवारी तुम्ही आलात की नाही एवढंच बघतील. बहुतेक व्हॉलंटियर इथेच गळतात, त्यांना वाटतं पोरांना इंटरेस्ट नाही, आणि पोरांना वाटतं बघ, हा पण गेला. सगळ्यात उद्धट पोरगा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला तुम्ही यावं असं सगळ्यात जास्त वाटत असतं, फक्त त्याच्याकडून कबुली मिळायची वाट बघू नका.

हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा अभ्यास एमी वर्नर या बाईंनी आणि त्यांच्या टीमने पुढे चाळिशीपर्यंत चालवला. गरिबी, घरातली भांडणं, दारू, आजार असं सगळं एकत्र वाट्याला आलेली जी मुलं होती त्यातली साधारण एक तृतीयांश तरीही नीट वाढली, आणि त्यांच्या बाबतीत वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे लहानपणापासून टिकून राहिलेलं किमान एक मोठं माणूस, आजी, मावशी, शिक्षक, कोणीही. त्याहून मला आवडतं ते पुढचं, की विशीच्या आत भरकटलेली बरीच मुलं तिशी-चाळिशीत मार्गी लागलेली होती. म्हणून सोळाव्या वर्षी अमुक वाया गेला असं कोणी म्हणलं की माझं डोकं फिरतं.

आता तुमचं शिबीर आणि जेल. जेलचं तर ताबडतोब काढून टाका. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका जेलमध्ये असाच धाक दाखवायचा प्रोग्राम सुरू झाला, जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडायचे, प्रचंड गाजला, आणि नंतर अशा प्रोग्रामांच्या नीट चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की तिथे नेलेली पोरं न नेलेल्या पोरांपेक्षा जास्त गुन्हे करतात.

शिबीर एवढं वाईट नाही, पण जपून. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ पासून काही वर्षं अडचणीतल्या मुलांसोबत खूप मनापासून काम झालं होतं, घरी भेटी, अभ्यासात मदत, समर कॅम्प, सगळं. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती माणसं शोधून काढली तर दोन तृतीयांशाहून जास्त जण म्हणाले आम्हाला उपयोग झाला, आणि रेकॉर्ड काढलं तर मदत न मिळालेल्या गटापेक्षा यांचीच अवस्था वाईट, व्यसन, आजार, लवकर मृत्यू. पुढच्या तपासणीत नुकसान जास्त दिसलं ते एकाहून जास्त वेळा कॅम्पला गेलेल्या मुलांमध्ये. अंदाज असा की सगळी बिघडलेली पोरं एकत्र कोंडली की ती एकमेकांना इम्प्रेस करायला लागतात, कोणी काय भारी कांड केलं यावर हशा पिकतो आणि तोच हशा त्यांचं बक्षीस होतो. तेव्हा ग्रुप मिक्स ठेवा, शाळेत जाणारी, न जाणारी, शांत, दंगेखोर, सगळी, आणि 'अडचणीतल्या मुलांसाठी' असा बोर्ड तर अजिबात लावू नका, त्या बोर्डाखाली येऊन बसायला कोणाला आवडेल.

मग त्या दोन-तीन तासांत करायचं काय? जागा तीच, वेळ तीच, पाऊस असो नाहीतर मॅच असो. पोरं आधीच जिथे जमतात तिथे तुम्ही जा, तुमच्या हॉलमध्ये बोलावू नका, निदान सुरुवातीला तरी. खेळ किंवा हाताने करायचं काहीतरी असू द्या, सायकल दुरुस्ती, मोबाईलवर शॉर्ट व्हिडिओ एडिट करणं, कारण या वयातली पोरं समोर बसवून विचारलं की गप्प होतात आणि हात चालू असले की आपोआप बोलतात. काय करायचं हे त्यांना ठरवू द्या, आणि खरंच ठरवू द्या. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही, पोरांना स्टेजवर उभं करून पाठ केलेलं भाषण म्हणायला लावणं त्यातच येतं. आपल्या ओळखीचे बरेच कार्यक्रम तिथेच बसतात, असो.

मुली येणार नाहीत, हे आधीच धरून चला. त्यांना इंटरेस्ट नसतो असं नाही, त्या वेळेला घरचं काम आणि धाकटी भावंडं त्यांच्या गळ्यात असतात. वेळ त्यांना विचारून ठरवा, भावंडांना सोबत आणू द्या, आणि सोबत एक ताई पाहिजेच, एकट्या दादाच्या भरवशावर घरचे पाठवणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पक्क्या ठेवा. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. पैसे उसने द्यायचे नाहीत, फार अडलं असेल तर जिथून खरी मदत मिळेल तिथे सोबत जायचं. चेहरे दिसतील असे फोटो टाकायचे नाहीत. आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन कधीच द्यायचं नाही, एखादी पोरगी घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला लागली तर आधीच सांगायचं की तुझ्या जिवाला धोका असेल तर मला एका माणसाला सांगावं लागेल, कोणाला ते आपण दोघं मिळून ठरवू. तो माणूस म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम करणारी संस्था किंवा सरकारी यंत्रणा, तिचा नंबर गरज पडायच्या आधी तुमच्या फोनमध्ये पाहिजे. असं सांगितल्यावर काही मुलं तिथेच गप्प होतात हे खरंय, पण त्यातली बरीच नंतर परत येऊन बोलतात.

करिअर गाइडन्सही होईल, पण ते कोणीतरी स्वतःहून 'दादा, दहावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो का' असं विचारेल तेव्हा. त्या दिवशी लेक्चर देऊ नका, त्याच्यासोबत बसून फॉर्म भरा, कागद कुठले कमी पडतायत ते बघा, ऑफिसात सोबत जा. खिडकीवरून एकदा हाकलला गेला की तो परत जात नाही.

आणि एकट्याने सुरू करू नका, दुसरं एक माणूस सोबत घ्या, म्हणजे तुम्ही आजारी पडलात किंवा बदली झाली तरी रविवार चुकणार नाही. सोडायची वेळ आलीच तर निदान दोन महिने आधी पोरांना तोंडावर सांगा, का ते सांगा, नंतर कोण येणार ते सांगा आणि त्या माणसाला आधीपासून सोबत आणायला लागा. असं दुसरं माणूस अजून मिळालं नसेल तर पहिले काही रविवार तेच शोधण्यात घालवा.