वाचकांचे प्रश्न : इपॉक्सी दुधाळ का झालं?

प्रश्न : 100 ग्रॅम इपॉक्सी रेझिनमध्ये 15 ग्रॅम पॉलिइथरइमाइड (चिवट प्लास्टिक) विरघळवलं, मग 33 ग्रॅम डीडीएस हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) घातला. मिश्रण मधासारखं पारदर्शक होतं, ओव्हनमध्ये मात्र दुधाळ झालं. 15 टक्के प्लास्टिकला चिवटपणा बराच वाढतो म्हणतात; माझा तुकडा साध्या इपॉक्सीइतकाच ठिसूळ. माल बिघडला का?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : दुधाळ व्हायलाच हवं. सुरुवातीला रेझिनचे रेणू छोटे असतात, म्हणून प्लास्टिक त्यात विरघळून राहतं. हार्डनरने ते जोडले जाऊन वाढू लागले की दोघांचं पटत नाही. पदार्थ वेगळे होतात आणि उजेड विखुरतो. जेल झालं, म्हणजे मिश्रण वाहायचं थांबलं, की तोवरची मांडणी जागच्या जागी अडकते.

गोची वजनात आहे. टक्के धरायचे ते एकूण मिश्रणावर. तुमच्या 148 ग्रॅममध्ये 15 ग्रॅम म्हणजे जेमतेम 10 टक्के. एवढ्यात प्लास्टिकचे सुटे थेंब बनतात, तडा त्यांना फारसा जुमानत नाही. 15 ते 20 टक्क्यांना दोन्ही पदार्थ स्पंजसारखे एकमेकांत गुंतून सलग राहतात. मग तड्याला प्लास्टिक ताणून फाडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तेवढ्याच रेझिन-हार्डनरला 23.5 ग्रॅम घ्या. 30 टक्क्यांपुढे डाव उलटतो: प्लास्टिक सलग, इपॉक्सीचे गोळे त्यात. चिवटपणा मिळतो, पण सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवणारं द्रव) लागला की संपलं. (हार्डनर किंवा तापमान बदललं की या सीमाही सरकतात, पहिल्या पायरीचं तापमान दर वेळी तेच ठेवा.)

खात्री करायची तर तुकडा मोडा आणि मोडलेली बाजू डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवा. प्लास्टिक विरघळतं, इपॉक्सी राहतं. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नुसती गोल भोकं दिसली तर थेंब. तुकड्याचा भुगा झाला तर डाव उलटलेला.

प्रश्न : पावसाळ्यात याच मिश्रणाला बुडबुडे येतात.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : प्लास्टिकचे दाणे हवेतलं पाणी धरतात. वापरण्याआधी 150 अंशांवर 4 तास वाळवा. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून मिसळत असाल, तर ते पूर्ण उडालं की नाही हे वजन करून पाहा. वजन स्थिर झाल्यावरच हार्डनर घाला. डायक्लोरोमिथेन 40 अंशांलाच उकळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात शेडमध्ये ठेवलेली बाटली उघडताना फसफसते; आधी थंड करा, आणि काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करा.