गुंडाच्या थडग्यापुढे हात जोडले गेले, तेव्हापासून झोप नाही

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. वहीच्या पानांवर पेनाने लिहून त्याचे फोटो काढून पाठवलेत, अक्षर इतकं देखणं की बाई शिक्षिका असणार हे वाचतानाच कळलं. सगळं देत नाही, त्यांना विचारून मुख्य तेवढं देते.

"माई, नमस्कार. मी शाळेतून रिटायर झाले, विश्रामबागला राहते. यंदा उन्हाळ्यात मुलाकडे शिकागोला गेले होते. एका रविवारी मुलगा म्हणाला चल आई, तुला एक फेमस जागा दाखवतो. मला वाटलं देऊळ असेल नाहीतर बाग. निघाली दफनभूमी. अल कपोन म्हणून तिकडचा मोठा गुंड होऊन गेला, त्याचं थडगं. लोकांनी दगडावर नाणी ठेवलेली, सिगार, दारूची छोटी बाटली. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने पण खिशातलं नाणं काढून ठेवलं. आणि माई, मला काही कळायच्या आत माझे हात जोडले गेले, मान पण खाली गेली. मुलाने नेमका तेवढाच फोटो काढला आणि 'आईने घेतले भाईंचे आशीर्वाद' असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळे हसले.

माझ्या वडिलांचं गणपती पेठेत हळदीचं लहान दुकान होतं. त्या भागातला एक दादा दर महिन्याला येऊन पैसे न्यायचा. एकदा वडील नाही म्हणाले तर त्याने हमालांसमोर त्यांच्या कानाखाली मारली. मी नववीत होते, डबा घेऊन गेले होते, दारातूनच बघितलं. पुढे तो दादा कसल्या तरी मारामारीत मेला, चौकातल्या फळ्यावर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं, हार घातलेला फोटो ठेवला. मी वडिलांबरोबर तिथून चालले होते. वडील थांबले, टोपी सारखी केली आणि त्या फोटोला हात जोडले. मी त्यांना कधी काही विचारलं नाही पण मनातून माफही केलं नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता माझेच हात जोडले गेले, तेही कुणी धाक घातलेला नसताना.

परत आल्यापासून झोप नाही, पहाटे तीनला टक्क जागी होते. शेजारच्या वहिनी म्हणतात परक्या मातीतलं काहीतरी मागं लागलंय, एका महाराजांकडे नेते, ते उतारा करायचे अकरा हजार घेतात. मुलाशी नीट बोलत नाही, ग्रुपवरून तो फोटो काढून टाकेपर्यंत बोलायचंच नाही असं ठरवलंय. मला झालंय तरी काय?"

ताई, आधी ते अकरा हजार पर्समध्येच राहू द्या. वहिनींचा हेतू चांगला असेल, तुमच्या काळजीनेच बोलल्या असतील, पण त्या महाराजांच्या दारात पाऊल टाकू नका. मी साताऱ्यात राहते, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात. भूताखेताची भीती घालून माणसांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून तो माणूस वर्षानुवर्षं झगडला, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारलं आणि त्यानंतर कायदा आला. तुम्ही मुलांना विज्ञान शिकवलं असेल नसेल मला माहीत नाही, पण तुमच्यासारख्या बाईने पहाटेच्या जागरणासाठी उतारा करून घ्यावा हे मला बघवणार नाही. कोणी फारच मागे लागलं तर सांगलीत अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते आहेत, त्यांना फोन करा.

झोपेचं म्हणाल तर थोडं साधं कारण पण आहे. उन्हाळ्यात शिकागो आणि सांगली यांच्यात साडेदहा तासांचा फरक असतो, आपल्याकडे पहाटेचे तीन म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार. शरीर ताळ्यावर यायला वेळ घेतंच आणि आपल्या वयात जरा जास्तच. पण परत येऊन महिना उलटला असेल तर ते कारण पुरत नाही, मग एकदा डॉक्टरांकडे जा, बीपी शुगर तपासा आणि झोप का लागत नाही हे खरं खरं सांगा, नुसती गोळी मागून येऊ नका.

आता हात जोडण्याचं. आपल्याकडची बाई कुठलीही समाधी, कुठलाही हार घातलेला फोटो, रस्त्याने जाणारी तिरडी दिसली की हात जोडते, ते कोण आहे हे विचारत बसत नाही. लहानपणी आजीने हात धरून जोडायला लावलेले असतात, मग ते हाताचंच काम होऊन बसतं. तुम्ही मेलेल्या माणसापुढे हात जोडलेत, त्याच्या धंद्यापुढे नाही. आणि त्या दगडावर काय कोरलंय ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं का? नाव, 1899 ते 1947 ही वर्षं, आणि खाली 'माझ्या येशू, दया कर' एवढंच. बॉस नाही, किंग नाही. त्याच्या घरच्यांनी तिथे त्याच्यासाठी दया मागितलीय. तो दगड वाचून मान खाली गेली असेल तर त्यात विटाळ कसला?

पण मग अस्वस्थ का वाटलं? कारण तिथे जे चाललं होतं ते सगळं तुमच्या हातांसारखं भोळं नव्हतं. सिगार, दारू, नाणी हे लाड आहेत. ज्याच्याकडे सत्ता होती, ज्याला लोक टरकून होते, त्याच्याशी आपली पण ओळख आहे असं दाखवायची हौस आहे ती. तुम्हाला ती ओळखू आली कारण तुम्ही तिची दुसरी बाजू नववीत असताना दुकानाच्या दारातून बघितलीय. तुमच्या मुलाने नाही बघितली. बाकी ग्रुपवर हसणाऱ्यांनी पण नाही बघितली. म्हणून मला तुमची ही अस्वस्थता बरी वाटते ताई, ती घालवायची घाई करू नका.

मुलगा तुम्हाला सांगेल की अगं तो गरिबांना फुकट जेवण द्यायचा. खरंय ते. 1930 मध्ये मंदीत लोकांची कामं गेली तेव्हा कपोनने शिकागोत बेकारांसाठी फुकट सूप आणि ब्रेडची सोय केली होती, लांब रांगा लागायच्या, त्याचे फोटो पण आहेत. भुकेल्या माणसाने ते खाल्लं त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 14 फेब्रुवारी 1929 ला, म्हणजे आपल्या सांगलीत आयर्विन पूल सुरू झाला त्याच वर्षी, शिकागोच्या क्लार्क स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मशीनगनने मारलं. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या वर्दीत आले होते म्हणून ते सात जण गुपचूप उभे राहिले. समोरच्या टोळीची माणसं होती बहुतेक, पण त्यात एक जॉन मे म्हणून मेकॅनिक होता, ट्रक दुरुस्तीला ठेवलेला, घरी बायको आणि मुलं. त्याचा कुत्रा तिथेच बांधलेला होता, तो वाचला, आणि त्याचं केकाटणं ऐकून शेजारचे लोक बघायला आले. हे कपोनच्या टोळीचंच काम असं तेव्हापासून मानतात, तो स्वतः त्या दिवशी फ्लोरिडात होता, आणि कोर्टात कुणावरही काही सिद्ध झालं नाही. कुणालाही शिक्षा नाही. कपोन आत गेला तो 1931 मध्ये, इन्कम टॅक्स बुडवला म्हणून, अकरा वर्षांची शिक्षा. त्या मेकॅनिकच्या बायकोला त्यातून काय मिळालं?

हे सूप वाटणं आपल्याला नवीन आहे का? आपल्याकडे पण हप्ते घेणाराच मंडळाला मोठी वर्गणी देतो, ॲम्ब्युलन्स देतो, दहीहंडीला बक्षीस लावतो, आणि मग त्याच्या वाढदिवसाला आख्खा चौक फ्लेक्सने झाकला जातो. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याचं नाव कुठल्या फ्लेक्सवर येत नाही. तुमच्या वडिलांचं आलं का कधी?

आता वडिलांबद्दल बोलते आणि जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही त्यांच्यावर इतकी वर्षं चिडून आहात ते मला समजतं. नववीतल्या मुलीला बाप उंच हवा असतो. पण तुम्ही स्वतः संसार केलात, नोकरी केलीत, आता त्या माणसाकडे बाईच्या नजरेने बघा. दुकान त्याच पेठेत, रोज त्याच चौकातून जायचं, दादा मेला तरी त्याची पोरं फळ्याशेजारीच उभी असणार, कोण हात जोडतं आणि कोण तसंच पुढं जातं हे बघत. बरोबर वयात आलेली मुलगी. अहो, ते हात तुमच्यासाठी जोडलेले होते! तुम्हाला घरी सुखरूप न्यायचं होतं त्यांना. ते घाबरले होते हे खरंच आहे, घाबरलेल्या माणसाचीच ती गोष्ट आहे, पण घाबरूनसुद्धा त्यांनी दुकान चालवलं, तुम्हाला शिकवलं, त्या शिक्षणावर तुम्ही नोकरी केलीत आणि आज तुमचा मुलगा शिकागोत आहे. मला तरी तो माणूस लहान वाटत नाही. त्यांच्या फोटोसमोर एकदा बसा आणि जे विचारलं नाहीत ते विचारा. उत्तर येणार नाही पण तुमचं तुम्हाला बोलून होईल. रडू आलं तर येऊ द्या.

मुलाशी अबोला धरू नका. अबोल्याने त्याला एवढंच कळेल की आईला जोक आवडला नाही. तुम्ही त्याला आजोबांच्या कानाखालीची गोष्ट कधी सांगितलीय का? पत्रावरून तरी वाटतंय की नाही सांगितली. मग त्याला कुठून कळणार की त्या फोटोने काय उकरलं? त्याच्या लेखी कपोन म्हणजे सिनेमातला हॅटवाला माणूस, आणि त्याच्या शहरात टुरिस्ट लोक जातात तशी एक जागा. त्याने तुम्हाला दुखवायला नेलं नव्हतं, मिरवायला नेलं होतं. मेसेजवर लिहू नका, फोन करा, तो कामाच्या गडबडीत नसेल तेव्हा, सुनेलाही बसवा शेजारी. गोष्ट पहिल्यापासून सांगा, दुकान, हमाल, डबा, फळा, टोपी, सगळं. आणि मग सांगा की तो फोटो ग्रुपवरून काढ. विनवणी करू नका. फोटो तुमचा आहे, न विचारता काढलाय, काढून टाक म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि ग्रुपवर तुम्ही स्वतः एक ओळ टाका, की मी कुणाचे आशीर्वाद घेतले नाहीत, माझ्या वडिलांना अशाच एका माणसाने मारलं होतं. हसणारे गप्प बसतील, काहींना वाईट पण वाटेल, वाटू दे की.

राहता राहिला नातू. दहा वर्षांचं पोर, बाकीच्यांनी ठेवलं म्हणून त्याने नाणं ठेवलं, त्यावरून त्याला रागवू नका. पण त्याला अर्धीच गोष्ट माहितीय, ती पूर्ण करायचं काम आजीचं. सात जण आणि तो मेकॅनिक आणि त्याचा कुत्रा, त्याच्या वयाला झेपेल एवढं सांगा. हे पण सांगा की हा एवढा टेरर माणूस जेलमध्ये असतानाच आजाराने खंगत गेला, मेंदूवर परिणाम झाला, सुटला तेव्हा त्याला धड विचार करता येत नव्हता आणि 48 व्या वर्षी गेला.

आणि अजून एक. तुम्ही गेलात ती माउंट कार्मेल दफनभूमी, हिलसाइडची. तिच्यासमोर, रूझवेल्ट रोडच्या पलीकडे, दुसरी दफनभूमी आहे, क्वीन ऑफ हेवन. शिकागोत 1 डिसेंबर 1958 ला एका शाळेला आग लागली होती, अवर लेडी ऑफ द एंजल्स, त्यात 92 मुलं आणि शिकवणाऱ्या 3 नन गेल्या. त्यातल्या बऱ्याच मुलांना त्या पलीकडच्या दफनभूमीत पुरलंय, त्यांचं स्मारक आहे. आगीची धोक्याची घंटा फायर ब्रिगेडला जोडलेली नव्हती, स्प्रिंकलर नव्हते, जिने उघडे होते त्यामुळे धूर सरळ वर वर्गांत गेला. त्या आगीनंतर अमेरिकेत शाळांचे आगीचे नियम कडक केले. तुमच्या नातवाच्या शाळेत फायर ड्रिल होत असेल ना, त्यातलं बरंच या मुलांमुळे आहे. तुम्ही आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलात, त्या 3 जणींबद्दल वाचून तुम्हाला काय वाटेल ते मी वेगळं सांगायला नको. मुलाला म्हणावं पुढच्या रविवारी रस्ता क्रॉस करून तिकडे जा, पोराला घेऊन जा, नाणं ठेवायचंच असेल तर तिथे ठेव म्हणावं, नाहीतर फुलं. फोटो काढायचा असेल तर त्या मुलांच्या नावांचा काढून आजीला पाठव.

घाबरेल तो, असं सुनेला वाटेल कदाचित. तिचं पण ऐकून घ्या, आई ती आहे, वर्षभर थांबू म्हणाली तर थांबा. पण गोष्ट तुम्ही सांगा, आणि वडिलांची पण सांगा, नातवाला त्याच्या पणजोबांचं नाव तरी माहितीय का विचारा.

मुलाशी बोलणं झालं की मला कळवा ताई, आणि डॉक्टर काय म्हणाले ते पण.

तुमची,
माई