विलीनीकरणातून विकेंद्रीकरण? हे वाक्य कुठे अडतंय

भाषांतरं करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे, इथेच बडोद्यात, दांडिया बाजारात राहते. इंग्लंडबद्दलच्या मजकुरात तिने 'नगरपालिकांच्या विलीनीकरणामुळे प्रादेशिक विकेंद्रीकरणाला मदत होते' असं लिहिलं आणि मग तिलाच हसू आलं, की जोडायचं पण आणि वाटायचं पण, हे कसं काय? ज्या बडोद्यात 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला तिथे असा प्रश्न पडणं शोभतंच म्हणा.

तर गोष्ट उलटी नाहीये, शब्द हुकलेत.

विलीन म्हणजे विरघळलेलं. मीठ पाण्यात गेलं की पाणी उरतं, मीठ दिसत नाही, म्हणून लहान मोठ्यात जातं तिथेच हा शब्द बसतो. आपल्याकडची जुनी माणसं 'विलीनीकरणाआधी' म्हणाली की 1 मे 1949च, बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं तो दिवस. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल वगैरे गावं शहराच्या हद्दीत घेतली तेही विलीनीकरणच, पंचायती गेल्या आणि महानगरपालिका होती तीच राहिली. (गुजरातीत याला 'भेळवलं' म्हणतात, आपली भेळ त्यातलीच, पण भेळेत शेव निदान शेव राहते.)

इंग्लंडातल्या नॉर्थ यॉर्कशायर काउंटीत मात्र असं नाही झालं. सात डिस्ट्रिक्ट कौन्सिलं कचरा वगैरे बघायची, वरचं काउंटी कौन्सिल रस्ते आणि शाळा बघायचं, आणि 1 एप्रिल 2023 पासून या आठांच्या जागी एकच कौन्सिल आलं. इथे मी 'एकत्रीकरण' लिहीन.

खरी गोची 'विकेंद्रीकरण'ची आहे, इंग्रजीतल्या 'डिव्हॉल्यूशन'साठी तिने घेतलेला शब्द. एखाद्या खात्याने तालुक्याला ऑफिस उघडलं तरी आपण विकेंद्रीकरण म्हणतो, सही भले वरचाच साहेब करो. 'प्रत्यायोजन' (डेलिगेशन) पण नको, ते साहेबाने दिलेलं आणि साहेब परत घेऊ शकतो असं. डिव्हॉल्यूशनमध्ये निर्णय आणि पैसा दोन्ही खालच्याच्या हातात कायद्याने जातात. पंचायतराजवाले 73व्या घटनादुरुस्तीतल्या 29 विषयांबद्दल बोलताना 'हस्तांतरण' म्हणतात, तोच शब्द घ्यावा.

आणि मग वाक्य आपोआप सुटतं, कारण हस्तांतरण म्हटलं की घेणारा हात लागतो. लंडनमधल्या सरकारने वाहतूक, घरबांधणी, प्रौढांचं कौशल्यशिक्षण याचे अधिकार सोपवायचे तर आठ जणांशी वेगवेगळं कोण बोलत बसणार, एक कौन्सिल झाल्यावर शेजारच्या यॉर्क शहराबरोबर त्यांचं संयुक्त प्राधिकरण झालं आणि मे 2024 मध्ये लोकांनी त्याचा मेयर थेट निवडून दिला. आता ते एक कौन्सिल सुमारे 8000 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे लंडनहून बघितलं तर विकेंद्रीकरण आणि तिथल्या खेड्यातून बघितलं तर चक्क केंद्रीकरण! 'हस्तांतरण' या भांडणात पडत नाही, मला तो त्यासाठीही बरा वाटतो.

तेव्हा वाक्य असं कर: 'छोट्या कौन्सिलांचं एकत्रीकरण झालं की प्रदेशाकडे अधिकारांचं हस्तांतरण करणं सोपं जातं.' 'नगरपालिका' काढून टाक, काउंटी कौन्सिल आपल्या जिल्हा परिषदेच्या जास्त जवळचं आहे, त्यापेक्षा कौन्सिलच राहू दे.