वाचक विचारतात : तिरप्या पायाचे फिटिंग आणि तडतडणारी टोपी

प्रश्न : वाफेच्या लाइनवर एका फिटिंगला तिरपा पाय फुटला आहे, टोकाला षटकोनी बूच. लगेच पुढे स्टीलचा छोटा ठोकळा, वर गोल टोपी; आतून सतत तडतड ऐकू येते. हे काय आहे? टोपी आवळली तर चालेल का?

उत्तर : चालू लाइनवर पाना लावूच नका. आवळून आवाज थांबणारही नाही.

तिरपा पाय म्हणजे वाय स्ट्रेनर. आतल्या जाळीत गंज आणि वेल्डिंगचे खडे अडतात. अंगावरचा बाण वाफेच्या दिशेने हवा. आडव्या वाफेच्या लाइनवर पाय जमिनीकडे नको, बाजूला वळवलेला हवा. खाली असला तर त्यात पाणी साठते, वाफ ते ढकलते आणि पाइपात घण घातल्यासारखे ठोके बसतात. पाण्याच्या लाइनवर मात्र पाय खालीच. ही चूक फार दिसते.

ठोकळा म्हणजे थर्मोडायनॅमिक स्टीम ट्रॅप : पाणी सोडायचे, वाफ अडवायची. टोपीखाली एक सुटी चकती असते, बाकी हलणारे काही नाही. निवलेले पाणी तिला उचलून निघून जाते. मागून कढत पाणी आले की चकतीखाली त्याची वाफ होते, वेग वाढतो, तिथला दाब पडतो आणि चकती टकदिशी बसते. वर कोंडलेली वाफ निवली की पुन्हा उघडते. म्हणून थांबून थांबून येणारा ‘टक्’ चांगला. सलग तडतड म्हणजे चकतीखाली कचरा, नाहीतर चकती झिजलेली, आणि वाफ फुकट चाललेली. बाहेरचा उलटा दाब आतल्या दाबाच्या ८० टक्क्यांवर गेला तरी चकती बसत नाही.

दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, दाब उतरवा, गार होऊ द्या. आधी जाळी धुवा, मग टोपी खोला. चकती परत ठेवताना खाचांची बाजू खाली.

प्रश्न : अर्ध्या इंचाचे निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा तुकडा) सॉकेटात बसते, पण कितीही टेप गुंडाळली तरी गळते.

उत्तर : एकाचे आटे बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे), दुसऱ्याचे एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) असावेत. अर्ध्या इंचात दोन्हींचे इंचाला १४ आटे, त्यामुळे फसगत होते. पण आट्यांचा कोन बीएसपीत ५५ अंश, एनपीटीत ६०. बीएसपीचे शेंडे गोलसर, एनपीटीचे चपटे. थ्रेड गेज (आटे तपासायच्या दातेरी पट्ट्या) लावून बघा. व्हर्नियरवर अर्धा इंच शोधू नका, बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो. एक इंची फिटिंगात इंचाला बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा आटे असल्याने जोडी लवकरच अडकते, ते बरे.