सगळीच मतं खरी मानली, तर सहन करायला उरतं काय?

तुम्ही लिहिलंय की मित्राला त्याचं एक मत चुकीचं आहे असं सांगितलंत आणि त्याने तुम्हाला असहिष्णू ठरवलं. मग सहिष्णू माणसाने सगळ्यांची मतं सारखीच खरी मानायची का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: नाही. जो सगळंच खरं मानतो, त्याच्यावर सहिष्णू होण्याची वेळच येत नाही.

शब्दच बघा. 'सहिष्णू' हा 'सह्' धातूपासून आलाय. सह् म्हणजे सोसणं. जे पटतं ते कुणी सोसत नाही. खुपतं, चुकीचं वाटतं, तेच सोसावं लागतं. 'हे खोटं आहे' असं मनात पक्कं असतानाही समोरच्याचा ते बोलण्याचा आणि त्याप्रमाणे जगण्याचा हक्क मानणं, याला मी सहिष्णुता म्हणतो. ती माणसाला द्यायची असते. विधान खरं की खोटं, हा प्रश्न तिने मिटत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना मधुमेह होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि नुसत्या पथ्यावर राहायचं ठरवलं. मला ते साफ चुकीचं वाटत होतं, पण 'ज्याचा त्याचा विश्वास' म्हणून मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला मनातल्या मनात सहिष्णुता म्हणत राहिलो. पुढे पायाची जखम चिघळून ते रुग्णालयात दाखल झाले. भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "तुला पटत नव्हतं ना? मग तोंडावर का नाही बोललास?" मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांच्या मताचा मान राखला नव्हता. वाद घालून वाईटपणा कोण घेणार, म्हणून अंग काढून घेतलं होतं.

१६८९ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं सहिष्णुतेवरचं पत्र प्रसिद्ध झालं. त्यातला एक मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: जबरदस्तीने माणसाला गुडघ्यावर बसवता येतं, पण त्याच्या मनात विश्वास निर्माण करता येत नाही. पटणं आतूनच व्हावं लागतं. म्हणजे सत्याची चाड आहे म्हणूनच सक्ती नको. (त्याच लॉकने नास्तिकांना मात्र यातून वगळलं, कारण त्यांच्या शपथेवर भरवसा ठेवता येणार नाही असं त्याचं म्हणणं. हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.)

त्याच्या कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाने बाराव्या शिलालेखात वाणीच्या संयमाबद्दल लिहून ठेवलंय. स्वतःच्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, हा भाग बहुतेकांना माहीत असतो. पण त्यात असंही आहे की प्रसंग नसताना टीका करू नये आणि प्रसंग असला तरी ती सौम्य असावी. टीकेला बंदी नाही! शिवाय एकमेकांचा धर्म ऐका, असंही तो सांगतो. ऐकायचं कशाला, तर दुसऱ्याकडे आपल्याला न दिसलेलं काही असू शकतं म्हणून, असा मी त्याचा अर्थ घेतो.

'आमच्याकडे तर जैनांचा स्याद्वाद आहे, म्हणजे सगळंच खरं,' असं काही जण म्हणतात. तसं नाही. 'स्यात्' म्हणजे 'एका विशिष्ट दृष्टीने'. ती दृष्टी कोणती ते सांगावं लागतं, आणि जैन आचार्यांनी याच भूमिकेवरून इतरांच्या एकांगी मतांचं कसून खंडन केलंय.

मर्यादा कुठे, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात सांगतो. अमर्याद सहिष्णुता स्वतःलाच संपवते, हे तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं १९४५ मधल्या पुस्तकातल्या एका टिपेतलं विधान सगळीकडे सांगितलं जातं. त्याच टिपेत तो पुढे म्हणतो की युक्तिवादाने उत्तर देता येत असेल तोवर मतं दडपणं शहाणपणाचं नाही. खरा धोका युक्तिवादाला मुठीने उत्तर देणाऱ्यांकडून आहे. हा भाग सहसा गाळला जातो.

तुमच्या मित्राबद्दल मी एवढंच बघेन: 'तू चुकतोयस' म्हणण्याआधी तुम्ही त्याचं पूर्ण ऐकून घेतलं होतं का? घेतलं असेल तर माफी मागू नका. नसेल तर आज फोन करा आणि आधी त्याला बोलू द्या. मत मात्र तेच ठेवा, त्याने ते बदलण्याजोगं काही सांगेपर्यंत.